या बँकेतून त्या बँकेत : चेकच्या गठ्ठ्यापासून अखंड एनईएफटीपर्यंत

एका बँकेतल्या खात्यातून दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे पाठवायचे तर तीन कामे व्हावी लागतात. देणाऱ्याच्या खात्यात रक्कम नावे पडली पाहिजे, घेणाऱ्याच्या खात्यात ती जमा झाली पाहिजे आणि त्या दोन बँकांचा आपसातला हिशेब तिसऱ्याच एका ठिकाणी चुकता झाला पाहिजे. पहिली दोन कामे पासबुकात दिसतात. तिसरे खातेदाराला कधीच दिसत नाही, आणि उशीर, खर्च, धोका हे सारे वर्षानुवर्षे त्या तिसऱ्या कामातच दडलेले होते. ज्या कामासाठी आज काही सेकंद पुरतात, तिथे १९८० च्या दशकात गाव बदलले की दोन-तीन आठवडे सहज जात. हा फरक केवळ संगणक आल्यामुळे पडला नाही. तो हिशेब कुठे आणि केव्हा चुकता व्हावा, याचे नियम एकेक करून बदलावे लागले.

बँका येण्यापूर्वी हे काम हुंडी करत असे. पुण्याच्या सावकाराने सुरतेच्या किंवा काशीच्या पेढीवर लिहिलेली हुंडी घेऊन माणूस निघे, ती पेढी हुंडी सकारे आणि रक्कम चुकती करी. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती, आणि बाजारातल्या पतदार शहालाच पैसे मिळतील अशी शहाजोग. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून अर्धी रक्कम लिहून तिची दुप्पट असे स्पष्ट नोंदवत. हुंडी हरवली तर तिच्याऐवजी पेठ लिहून देत, तीही हरवली तर परपेठ. या सेवेबद्दल सावकार हुंडणावळ घेई. दोन गावांतल्या पेढ्यांचा आपसातला हिशेब उलट दिशेने निघालेल्या हुंड्यांनी बराचसा फिटून जाई, म्हणून प्रत्यक्ष नाणी क्वचितच वाट चालत. १८८१ चा परक्राम्य लेख कायदा झाला तेव्हाही हुंडीचे स्थानिक रिवाज कायद्याने अबाधित ठेवले.

बँकांनी हेच तत्त्व एका छताखाली आणले. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथल्या प्रेसिडेन्सी बँका आणि १९२१ मध्ये त्यांच्या एकत्रीकरणातून झालेली इम्पीरियल बँक यांच्या देखरेखीखाली मोठ्या शहरांत क्लिअरिंग हाऊस चालत. सरकारी मराठीत त्याला समाशोधन गृह म्हणतात, पण बँकेच्या काउंटरवर शब्द क्लिअरिंग हाच रुळला. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि बँकांना आपली ठरावीक शिल्लक तिच्याकडे ठेवणे भाग पडले. प्रत्येक मोठ्या बँकेचे खाते एकाच खतावणीत आल्यामुळे हिशेब चुकता करायला पक्की जागा मिळाली. मुंबईची क्लिअरिंग रिझर्व्ह बँकेकडे आली. जिथे तिची कचेरी नव्हती तिथे हे काम पुढे बहुधा स्टेट बँकेने सांभाळले.

संगणकापूर्वीच्या क्लिअरिंगमध्ये एका चेकचा प्रवास असा चाले. दादरच्या एका शाखेत खातेदार दुसऱ्या बँकेच्या फोर्ट शाखेवरचा चेक भरतो. कारकून चेकवर क्लिअरिंगचा शिक्का मारतो, बँकवार गठ्ठे बांधतो, प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज करून कागद जोडतो. हे गठ्ठे आधी बँकेच्या मुख्य कचेरीत आणि तिथून क्लिअरिंग हाऊसमध्ये जातात. तिथे प्रत्येक बँकेचे प्रतिनिधी आपापल्या टेबलाशी बसलेले असतात. दुसऱ्यांवरचे चेक वाटायचे, आपल्यावरचे उचलायचे आणि दिलेल्या-घेतलेल्या रकमांचा मेळ घालायचा. एका बेरजेत काही पैशांचा फरक राहिला तरी सगळ्यांना थांबावे लागे. मेळ बसला की प्रत्येक बँकेच्या नावापुढे एकच आकडा उरे, घेणे किंवा देणे. एका बँकेचे दुसरीकडून ५० लाखांचे घेणे आणि ४७ लाखांचे देणे असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या खतावणीत फक्त ३ लाखांची नोंद होई. सगळ्या बँकांचे घेणे आणि देणे यांची गोळाबेरीज शून्य आलीच पाहिजे, हीच त्या दिवसाच्या कामाची खूण.

पण चेक अजून वटलेला नसतो. तो फोर्ट शाखेत पोचतो, तिथे नमुना सहीच्या कार्डाशी सही ताडली जाते, लेजरमध्ये शिल्लक पाहिली जाते, मगच रक्कम नावे टाकली जाते. सही जुळली नाही किंवा शिल्लक पुरली नाही, तर कारणाची चिठ्ठी लावून चेक परतीच्या क्लिअरिंगमधून माघारी येतो. परतीची वेळ टळून गेली की चेक वटला असे धरायचे. म्हणजे दादरच्या बँकेला पैसे मिळाल्याचा निरोप कोणीच देत नसे. नकार आला नाही, एवढ्यावर ती खातेदाराला रक्कम वापरू देई. चेक न वटणे हा १ एप्रिल १९८९ पासून परक्राम्य लेख कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा ठरला, तो याच नकाराला जरब बसावी म्हणून.

शहरात एवढे, तर गावाबाहेर किती? सांगलीतल्या खातेदाराने नागपूरचा चेक भरला की तो बाहेरगावचा चेक होई. टपालाने नागपूरला जाई, तिथल्या शाखेमार्फत वटे, रक्कम टपालानेच परत कळे आणि वटणावळ कापून जमा होई. घाई असेल त्याने डिमांड ड्राफ्ट काढावा किंवा तारेने रक्कम पाठवावी. बँकेत खातेच नसलेल्या माणसाला मनीऑर्डर होती. टपाल खात्याने ती १८८० मध्ये सुरू केली आणि गिरणगावात राबणाऱ्यांची कोकणातली, घाटावरची घरे अनेक दशके तिच्यावर चालली. त्या घरांना दोन बँकांमधला हा सारा खटाटोप कधी शिवलाच नाही.

चेकची संख्या वाढत गेली तशी हाताने मेळ घालण्याची पद्धत वाकू लागली. रिझर्व्ह बँकेतल्या डॉ. वाय. बी. दामले यांच्या अध्यक्षतेखालील गटाने १९८३ मध्ये मॅग्नेटिक इंक कॅरेक्टर रेकग्निशन, म्हणजे एमआयसीआर तंत्राची शिफारस केली. त्याच वर्षी बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. कारकुनांच्या नोकऱ्या जातील ही भीती खरी होती आणि संघटनांचा विरोध कडवा होता. यंत्रे किती आणि कुठे बसवायची हे त्या करारात वाटाघाटीने ठरले. यांत्रिकीकरणाची व्याप्ती डॉ. चि. रंगराजन यांच्या समितीने पुढच्या वर्षी मांडली. १९८६ मध्ये मुंबईत एमआयसीआर क्लिअरिंग सुरू झाले आणि मग ते चेन्नई, दिल्ली, कोलकात्यात गेले.

चेकच्या खालच्या कोऱ्या पांढऱ्या पट्टीवरचे विचित्र वळणाचे आकडे तेव्हापासूनचे. ते लोहकण असलेल्या चुंबकीय शाईत छापतात, त्यामुळे वरून शिक्का किंवा सही पडली तरी यंत्राला वाचता येतात. पहिले सहा अंक चेकचा क्रमांक. पुढचे नऊ अंक म्हणजे शहर, बँक आणि शाखा, प्रत्येकी तीन. शहराचे तीन अंक पिनकोडशी जुळतात: मुंबईचे ४००, पुण्याचे ४११. मधले ००२ असतील तर चेक स्टेट बँकेचा. या नऊ अंकांचे मोल पुढे फार वाढले, कारण देशातल्या शाखेला यंत्राला कळेल असे नाव पहिल्यांदा मिळाले ते त्यांनीच. चेक वेगळे करण्याचे काम आता यंत्र करू लागले. कागद मात्र अजूनही शाखेपर्यंत न्यावाच लागे.

कागद वगळण्याचा पहिला प्रयत्न १९९० च्या दशकाच्या मध्याला झाला. कंपन्यांना हजारो भागधारकांना लाभांश वाटायचा असे, आणि तितके वॉरंट छापून, टपालात घालून, क्लिअरिंगमधून वटवण्यात सगळ्यांचाच वेळ जाई. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक क्लिअरिंग सर्व्हिस, ईसीएस आली. एका व्यक्तीने दुसरीला पैसे पाठवावेत यासाठी, डब्ल्यू. एस. सराफ समितीच्या १९९४ च्या अहवालाला धरून, रिझर्व्ह बँकेची इलेक्ट्रॉनिक फंड्स ट्रान्सफर योजना सुरू झाली. ती चालत असे ती केवळ १५ केंद्रांत, जिथे क्लिअरिंग स्वतः रिझर्व्ह बँक चालवत होती. १९९६ मध्ये हैदराबादेत बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था आयडीआरबीटी स्थापन झाली आणि १९९९ मध्ये तिने बँकांसाठी इन्फिनेट हे उपग्रहावर चालणारे जाळे उभारले. पाया तयार होत होता, पण ज्याला खातेदाराने भरवशाने वापरावे असे त्यातून अजून काही निघाले नव्हते.

जुन्या पद्धतीतली खरी भेग दिसली ती मार्च २००१ मध्ये, मुंबईत. माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक ही अहमदाबादची नागरी सहकारी बँक. तिची एक शाखा मुंबईत मांडवीला होती. या शाखेने शेअर बाजारातल्या एका मोठ्या दलालाच्या कंपन्यांसाठी पुरेसे पैसे नसताना पे-ऑर्डर काढून दिल्या. पे-ऑर्डर म्हणजे बँकेने स्वतःच्या नावावर दिलेले वचन. बाजारात ती रोखीसारखीच मानतात. त्याच भरवशावर बँक ऑफ इंडियाच्या शेअर बाजार शाखेने क्लिअरिंगचा निकाल येण्यापूर्वीच रक्कम दिली. पे-ऑर्डर न वटता परत आल्या, रक्कम होती सुमारे १३७ कोटी रुपये. माधवपुराच्या दारात ठेवीदारांची रांग लागली, तिच्यात ठेवी ठेवलेल्या इतर नागरी बँका अडचणीत आल्या, आणि संयुक्त संसदीय समितीपुढे हे सारे प्रकरण आले.

यातला गैरव्यवहार हा माणसांचा होता, पण त्याला जागा दिली ती वेळेने. चेक भरल्यापासून तो वटल्याचे ठरेपर्यंत जो काळ जातो, त्यात पैसे कागदावर दोन ठिकाणी असतात आणि प्रत्यक्षात कदाचित कुठेच नसतात. शिवाय दिवसअखेरच्या एका आकड्यात हिशेब मिटवायचा म्हणजे एका बँकेला तो आकडा भरता आला नाही, तर बाकीच्या सगळ्यांचे आकडे नव्याने काढावे लागतात. जगाला हा धडा जून १९७४ मध्ये मिळाला होता. जर्मनीत कोलोनची हर्स्टाट बँक दिवसाचा व्यवहार संपताना बंद करण्यात आली, तेव्हा तिला मार्क मिळालेले होते आणि त्या बदल्यात न्यूयॉर्कमध्ये द्यायचे डॉलर दिलेले नव्हते. त्यानंतरच्या दशकांत एकामागून एक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी मोठ्या रकमांसाठी एकच उपाय स्वीकारला: वजावट करायची नाही, प्रत्येक व्यवहार सुटा आणि त्याच क्षणी चुकता करायचा.

भारतात हा उपाय २६ मार्च २००४ रोजी आला, रिअल टाइम ग्रॉस सेटलमेंट, आरटीजीएस या नावाने. सुरुवातीला त्यात रिझर्व्ह बँकेबरोबर मोजक्याच बँका होत्या. पाठवणाऱ्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून रक्कम वजा होते, घेणाऱ्या बँकेच्या खात्यात जमा होते, आणि त्या क्षणी व्यवहार अंतिम होतो. मागे घेता येत नाही. याची किंमत बँकांना मोजावी लागते. ५० लाखांतून ४७ लाख वजा करून ३ लाखांत भागण्याची सोय गेली, पूर्ण ५० लाख खात्यात हवेत. म्हणून रिझर्व्ह बँक सरकारी रोखे तारण घेऊन दिवसापुरती रक्कम बँकांना उपलब्ध करून देते. खातेदाराला आरटीजीएसने किमान २ लाख रुपये पाठवता येतात. लहान रकमांसाठी ही व्यवस्था मुळात नव्हतीच. गेल्या पन्नास वर्षांत भारतातल्या बँक व्यवहारांत जे बदल झाले, त्यांत हा सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल, कारण न वटण्याचा धोका बँकांमधल्या मोठ्या रकमांतून त्याने मुळासकट काढून टाकला.

सामान्य खातेदाराच्या वाट्याला नोव्हेंबर २००५ मध्ये एनईएफटी आली, नॅशनल इलेक्ट्रॉनिक फंड्स ट्रान्सफर. जुन्या योजनेपेक्षा ती दोन बाबतींत वेगळी होती. देशभरचे सगळे निरोप मुंबईत नरिमन पॉइंटच्या नॅशनल क्लिअरिंग सेलमध्ये एकत्र येत, त्यामुळे १५ केंद्रांची मर्यादा संपली. दुसरी बाब म्हणजे आयएफएस कोड. अकरा खुणांच्या या कोडमध्ये पहिली चार अक्षरे बँकेची, बँक ऑफ महाराष्ट्रची एमएएचबी. पाचवी खूण नेहमी शून्य. उरलेल्या सहा खुणा शाखेच्या. एनईएफटीत वजावटीची जुनी रीत ठेवली, फक्त दिवसातून एकदा हिशेब मिटवण्याऐवजी तो ठरावीक वेळेच्या तुकड्यांत मिटवायचा. प्रत्येक तुकडी म्हणजे एक छोटे क्लिअरिंगच. तुकडी मिटल्यापासून दोन तासांत रक्कम जमा झाली पाहिजे किंवा परत गेली पाहिजे, आणि उशीर झाला तर बँकेने खातेदाराला रेपो दर अधिक दोन टक्के या दराने व्याज द्यायचे. उशिराची भरपाई बँकेने न मागता द्यावी हा नियम चेकच्या काळात वाट पाहून थकलेल्या खातेदाराला मिळालेला मोठा न्याय होता.

हे शक्य झाले ते शाखांच्या आत घडलेल्या एका बदलामुळे, ज्याची नोंद इतिहासात फारशी घेतली जात नाही. पूर्वी खातेदार बँकेचा नसे, शाखेचा असे. त्याचे लेजर त्या एका शाखेच्या कपाटात, त्याची सही तिथल्याच कार्डावर. कोअर बँकिंगने सगळ्या शाखांची लेजरे एका ठिकाणी आणली, तेव्हाच मुंबईहून आलेला निरोप कोणाही माणसाच्या हाताशिवाय गडहिंग्लजच्या खात्यात जमा होऊ शकला. महाराष्ट्रातल्या अनेक नागरी आणि जिल्हा सहकारी बँका इथे मागे पडल्या. त्यांना रिझर्व्ह बँकेत थेट प्रवेश नव्हता. मोठ्या बँकेच्या उपसदस्य होऊन त्यांनी आपल्या खातेदारांना ही सोय दिली. गावातल्या सहकारी बँकेतल्या शिक्षकाच्या खात्याला आयएफएस कोड मिळाला तो या वाटेने. १५ मे २००८ पासून एनईएफटीच्याच वाटेने नेपाळी कामगारांना भारतातून घरी पैसे पाठवता येऊ लागले. खाते नसले तरी ५० हजारांपर्यंत रोख भरून.

कायदाही मागून आला. २००७ चा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा ऑगस्ट २००८ मध्ये लागू झाला आणि वजावटीने मिटवलेला हिशेब अंतिम असतो हे कायद्याने मान्य झाले. तोवर क्लिअरिंग हाऊस हे मुख्यतः बँकांच्या आपसातल्या करारावर चालत होते. चेकची गतीही वाढली. २००८ मध्येच बाहेरगावच्या चेकसाठी ७, १० आणि १४ दिवसांच्या कमाल मुदती ठरल्या. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला दिल्लीत चेक ट्रंकेशन सुरू झाले होते, २०११ मध्ये ते चेन्नईला आणि २०१३ मध्ये मुंबईला आले. चेक भरलेल्या शाखेतच राहतो, पुढे जाते ते त्याचे चित्र आणि पट्टीवरचे आकडे. मुंबईच्या जाळ्यात महाराष्ट्राबरोबर गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड आले. सांगलीतला नागपूरचा चेक बाहेरगावचा राहिला नाही.

एनईएफटीच्या तुकड्या मात्र कचेरीच्या वेळेतच चालत. संध्याकाळनंतर किंवा रविवारी पाठवलेली रक्कम पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत पडून राही. ही उणीव भरायला २२ नोव्हेंबर २०१० रोजी मुंबईत आयएमपीएस सुरू झाली. ती चालवणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था बँकांनी मिळून २००८ मध्ये स्थापन केली होती, आणि एटीएम जोडणारे जे जाळे तिच्याकडे आले होते त्याच्यावरच ही सेवा उभी राहिली. इथे घेणाऱ्याच्या खात्यात रक्कम लगेच जमा होते, रात्री दोनलाही. बँकांचा आपसातला हिशेब मात्र नंतर, तुकड्यांत, रिझर्व्ह बँकेच्या खतावणीत मिटतो. चेकच्या काळात बँक आधी आपले पैसे वसूल करी आणि मग खातेदाराला देई. इथे क्रम उलटा झाला. मधल्या काळाचा धोका बँकांनी उचलला, आणि तो पेलावा म्हणून त्यांच्यावर मर्यादा आणि तारणाची बंधने घालण्यात आली. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईतच जाहीर झालेली यूपीआय याच पायावरची. तिने खाते क्रमांक आणि आयएफएस कोड लोकांच्या नजरेआड केले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावरचे महिन्याचे व्यवहार २,००० कोटींच्या पुढे गेले.

रिझर्व्ह बँकेने आपल्या दोन व्यवस्थाही मग मोकळ्या केल्या. १ जुलै २०१९ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी बँकांकडून घ्यायचे शुल्क तिने सोडून दिले. १६ डिसेंबर २०१९ रोजी एनईएफटी चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू झाली, अर्ध्या तासाला एक अशा दिवसाला ४८ तुकड्यांत. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएसही अखंड चालते. जगात फारच थोड्या देशांत मोठ्या रकमांची व्यवस्था अशी रात्रंदिवस उघडी असते.

एक दोष मात्र बराच काळ राहून गेला. चेकवर नाव आणि सही दोन्ही तपासत. इलेक्ट्रॉनिक व्यवहारात रक्कम केवळ खाते क्रमांकावर जमा होते, नाव जुळवून पाहिले जात नाही, आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये स्पष्ट केले. एक अंक चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला, तर पैसे परत मिळवायला त्या अनोळखी माणसाच्या संमतीवाचून फारसा इलाज नसे. आयएमपीएस आणि यूपीआयमध्ये नाव आधी दिसण्याची सोय होती. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये ती १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी काढला. त्यानुसार खाते क्रमांक आणि आयएफएस कोड टाकल्यावर त्या खात्यावरचे नाव पाठवणाऱ्याला विनाशुल्क दाखवले जाते. नव्या खात्यावर पहिल्यांदा पैसे पाठवताना ते नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे आणि मगच पुढची कळ दाबावी.